सतरा बांगड्या आणि लाल गिटार

उजव्या हातात आठवी बांगडी चढली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपण इथे कामाला आलोय आणि कामाचा हात आपणच बांधून घेतलाय.

"हात ढिला सोडा हो," कासारीण म्हणाली. "एवढी वाजंत्री बाई तुम्ही, नि पंजा लाकडासारखा!"

"वाजवते म्हणूनच तसा झालाय," मी म्हटलं.

"अडीचच्या लागतील असं वाटत होतं. पण बसवल्या की नाही सव्वादोनच्या?" तिने माझं मनगट गर्रकन फिरवून सगळ्यांना दाखवलं. खोलीतल्या बायका हसल्या. डाव्या हातात नऊ, उजव्या हातात आठ. हिरव्यागार, काचेच्या, पंजातून जेमतेम उतरवलेल्या आणि मनगटावर आल्यावर मात्र मोकळेपणाने किणकिणणाऱ्या.

दुपारचे साडेतीन वाजले होते. किहीमच्या एका रिसॉर्टवर लग्न होतं, गोरज मुहूर्ताचं. मी पाहुणी नव्हते. मी गिटार वाजवते. अलिबागेत क्लास घेते आणि बावीस वर्षं झाली, मुरुडपासून मांडव्यापर्यंत लग्नं, साखरपुडे, रिसॉर्टच्या संध्याकाळी असं जे येईल ते वाजवते. माझा नवरा मिलिंद साउंड सांभाळतो, म्हणजे मिक्सरवर बसतो आणि माझ्याकडे बघून मान हलवतो. कुठल्या बाजूला हलवतो त्यावर आमचा संसार चालतो.

त्या दिवशी नवरीच्या आजीने निरोप पाठवला, "मास्तरीनबायला चहाला बोलवा." मी गेले. चहा मिळाला. कप खाली ठेवला आणि कासारणीने हात धरला.

"आजी, मला वाजवायचंय," मी म्हटलं.

"मंग वाजव की. हात कापतंय का कोन तुझं?" आजी म्हणाल्या. "आमचे पोरीला शिकवलीस. तुझा मान हाय. मोकल्या हातानं मांडवात बसनार व्हय तू?"

आजींचे स्वतःचे हात, सोन्याच्या दोन पाटल्या सोडल्या, तर मोकळेच होते. पण ऐंशीच्या घरातली कोळीण, जिने चाळीस वर्षं सुक्या मासळीचा धंदा स्वतः चालवला, ती जेव्हा "मान हाय" म्हणते, तेव्हा तो विषय संपलेला असतो. मी कासारणीला वाकून नमस्कार केला आणि बाहेर आले.

आता माझ्या याद्यांविषयी सांगायला हवं. माझ्याकडे चार याद्या आहेत. सामानाची, कपड्यांची, जागा बघायची आणि विचारून घ्यायच्या गोष्टींची. चारही लॅमिनेट केलेल्या. समुद्राकाठी कागद दमट होतो, शाई पसरते, म्हणून. बँडमधल्या प्रत्येकाला एकेक संच दिलाय. लोक हसतात. पण आमच्याकडे एकदा एक गिटारिस्ट मे महिन्यात नागावच्या बीचवर लेदर जॅकेट घालून आला होता. तिसऱ्या गाण्याला त्याच्या कोपरातून घामाची धार गिटारच्या सॉकेटमध्ये गेली आणि स्पीकरमधून तळणीचा आवाज यायला लागला. तेव्हापासून कोणी फार हसत नाही.

कपड्यांच्या यादीतला पहिला नियम सुती. दुसरा, पोटावर बक्कल नको, गिटारची पाठ खरवडते. तिसरा, जरीचा काठ नको, त्याच कारणाने. आणि चौथा नियम, ठळक अक्षरात: मनगटावर काहीही नाही. घड्याळ नाही, ब्रेसलेट नाही, बांगडी नाही.

कारण साधं आहे. अकूस्टिक गिटार म्हणजे लाकडाची पोकळ पेटी. तिच्यासमोर माइक लावला, की तो सगळं ऐकतो. तार ऐकतो, बोट सरकल्याची खर्रखर्र ऐकतो, शर्टाचं बटण ऐकतो. त्याला निवड करता येत नाही.

साउंड चेकला बसले. पहिली ओळ वाजवली. लॉनच्या दुसऱ्या टोकाहून मिलिंदने हात वर केला.

"जरा थांब. कोणीतरी ट्रेमधून ग्लास नेतंय."

मी थांबले. "गेले का?"

"गेले. वाजव."

मी वाजवलं.

"परत आले!" मिलिंद हेडफोन काढून इकडेतिकडे बघायला लागला. "अरे, कोण आहे रे तिकडे? पाच मिनिटं भांडी ठेवा खाली!"

मी दोन्ही हात वर करून दाखवले. तो तसाच बघत राहिला. मग चालत माझ्यापर्यंत आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "चौथा नियम."

"माहितेय. मीच लिहिलाय."

"काढ ना मग."

"निघत नाहीत. निघाल्या तरी आज काढायच्या नाहीत. आजी बसल्यात खिडकीत."

त्याने खिडकीकडे पाहिलं. आजींनी त्याला हात केला. त्यानेही केला.

इतर कुठलं लग्न असतं तर मी म्हटलं असतं, किणकिण तर किणकिण. गर्दीत कोणाला कळतंय? पण या लग्नात मला खरं काम एकच होतं, साडेतीन मिनिटांचं. नवरी मांडवात चालत येईल तेव्हाचं. बाकी सगळी वाद्यं गप्प, फक्त एक गिटार. आणि ती धून नवरीची स्वतःची होती.

सायली माझ्याकडे अकराव्या वर्षापासून शिकली. सोळाव्या वर्षी तिने एक धून बसवली. घरच्या ओट्यावर सुकत घातलेल्या बोंबलांची राखण करता करता केलेली. आता ती पनवेलला नोकरी करते, गिटारला महिनोन्महिने हात लागत नाही, पण ती धून अजून तिची आहे. लग्न ठरल्यावर तिने एकच हट्ट धरला, की मी मांडवात येईन ती या धुनेवर.

घरात रण माजलं. आजींचं म्हणणं, कोळ्याच्या घरची पोरगी मांडवात येते ती बेंजोवर. बेंजो पार्टी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: हातगाडीवर भोंगे, पुढे बटणांचा बेंजो, मागे ढोल-ताशे, आणि जांभळ्या चमकीच्या कोटांत आठ जण. ते सुरू झाले की खाडीपलीकडच्या गावालाही कळतं इकडे लग्न आहे. त्यांच्यासमोर गिटार म्हणजे, आजींच्या शब्दांत, "टुंगटुंग".

शेवटी तह झाला. बेंजो पार्टी मांडवाबाहेर तयार उभी राहील. आजी गिटार ऐकतील. पटलं नाही, तर आजी हात वर करतील आणि बेंजो सुरू होईल. हे मला सायलीनेच सांगितलं होतं, हसत हसत. पण क्लासमध्ये चूक झाली की ती जशी खालचा ओठ चावायची, तसा तेव्हाही चावत होती.

मी तिच्या खोलीत गेले. केस बांधणं चाललं होतं. तिने आरशातूनच माझे हात पाहिले.

"टीचर! तुम्हालाही भरल्या?"

"तुझ्या आजीने. ऐक, अकूस्टिकवर नाही जमणार. आवाज तर येतोच, पण दुसरी अडचण मोठी आहे. उजवा हात गिटारच्या कडेवर टेकतो. तिची कड धारदार असते. बांगड्या तिच्यावर आणि माझ्या हाताखाली दाबल्या जातात. आत्ताच एक करकरली."

सायलीचा चेहरा उतरला. "मांडवात बांगडी वाढली तर..."

काचेची बांगडी आमच्याकडे फुटत नाही, वाढते. शब्द कितीही गोड केला तरी नवरी येताना मास्तरणीच्या हातातली बांगडी वाढली, एवढंच त्या लग्नातलं पुढची वीस वर्षं आठवलं जाणार. धून नाही.

"आजी बेंजो लावतील आणि वर मला ऐकवतील," सायली म्हणाली. "टीचर, काहीतरी करा ना."

"माझ्याकडे इलेक्ट्रिक आहे. जेवणानंतरच्या गाण्यांसाठी आणलेली."

"ती लाल?"

"ती लाल."

इलेक्ट्रिक गिटार भरीव लाकडाची असते. तिच्या तारांखाली चुंबक असतात. लोखंडाची तार हलली, की त्यांना कळतं. काच हलली तर त्यांच्या दृष्टीने जगात काहीच घडलेलं नसतं. बांगड्या हवेत कितीही बोलू देत, स्पीकरला त्याचा पत्ता नाही. शिवाय माझ्या गिटारला हात टेकतो तिथे लाकूड उतरतं कापलेलं आहे. कड टोचत नाही. सामानाच्या बाजूने प्रश्न सुटला होता. राहिला होता तो दिसण्याचा.

इथे तन्वी येते. तन्वी रिसॉर्टची इव्हेंट मॅनेजर. कामाची पोरगी, हातात टॅब आणि कानात बारीक फोन. तिने आठ दिवस आधी मला मूडबोर्ड पाठवला होता. म्हणजे रंगांच्या चौकोनांचं चित्र, ज्यात सगळे रंग एकदा धुऊन वाळत घातल्यासारखे दिसतात. त्याप्रमाणे मी मोतिया कुर्ता शिवून घेतला होता. खाली तिने लिहिलं होतं: वाद्यं फक्त लाकडी रंगाची.

मी लाल गिटार पेटीतून काढली आणि तन्वी लॉनच्या पलीकडून पळत आली.

"मॅम, नाही नाही नाही. रेड नाही चालणार. थीम पेस्टल आहे ना!"

मी हात दाखवले. अडचण सांगितली.

"ओके, बट मॅम, फोटो बघा ना. सगळी फ्रेम आयव्हरी आहे, आणि मध्येच फायर ब्रिगेड?" तिने दोन क्षण विचार केला. "आपण गिटारवर दुपट्टा टाकू या? बेज आहे माझ्याकडे."

"तन्वी, गिटार वाजवायची आहे. पाळण्यात नाही घालायची."

"मग तुम्ही फुलांच्या मागे बसता?"

"बसले असते. पण नवरी दिसायला हवी. ती कुठपर्यंत आली ते बघून धून लांबवायची असते."

तन्वीने टॅब छातीशी धरला. तिचीही नोकरीच होती. मी म्हटलं, "क्लायंट कोण आहे? तिला विचार." माझ्या चौथ्या यादीतला हा पहिला मुद्दा आहे. वाद घालण्याऐवजी क्लायंटला विचारावं, दोघींचा वेळ वाचतो.

तिने कानातल्या फोनवर सायलीला विचारलं. उत्तर मलाही ऐकू आलं, इतक्या मोठ्याने आलं. "अगं लालच असू दे! आजीला पेस्टल म्हणजे रंग उडालेला वाटतो!"

तन्वीने टॅबवर काहीतरी खोडलं. "फाइन. पण फोटोग्राफरला मी तोंड दाखवणार नाही."

अजून एक अडचण होती. तारा छेडताना उजवा हात खाली झुकतो. बांगड्या घसरून थेट तारांवर येतात. चुंबकाला काच ऐकू येत नाही हे खरं, पण काच तारेवर आपटली तर तार वाजतेच. बांगड्या मनगटाच्या वर कुठेतरी बांधून ठेवायला हव्या होत्या. मिलिंदने खिशातून वेल्क्रोची पट्टी काढली. आम्ही वायरी गुंडाळून तिने बांधतो. मापाला अगदी बरोबर बसली.

"हे काय बांधलंस चुड्याला?" खिडकीतून आवाज आला. "काला न्हाय चालत! सोड ते!"

मिलिंदने पट्टी सोडली. "पांढरी आहे का आपल्याकडे?"

"सामानाच्या यादीत वेल्क्रो लिहिलंय. रंग लिहिला नव्हता," मी कबूल केलं.

मग मीच खिडकीशी गेले. आजींना सगळं सरळ सांगितलं. की बांगड्या तारांवर येतात, त्यांना जागेवर धरून ठेवायला काहीतरी मऊ हवं. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी वल्हं कुठल्या बाजूने धरतात ते विचारलंय.

"एवढाच ना? सांगायचं मंग!" त्यांनी शेजारच्या टोपलीतून मोगऱ्याचा गजरा उचलला, माझा हात खिडकीतून आत ओढला, बांगड्या वर सरकवल्या आणि त्यांच्यावरून तिढे देत गजरा गच्च गुंडाळला. जाळी बांधणाऱ्या बाईची गाठ होती ती. मी हात झटकला. एकही बांगडी हलली नाही.

मिलिंदकडे पाहिलं. त्याने मान वरखाली हलवली.

गिटारचा टोन मी खाली आणला, म्हणजे टोकदार आवाज काढून गोलसर ठेवला. थोडा प्रतिध्वनी दिला. इलेक्ट्रिकवर ती धून वेगळी वाटते, जरा लांबून आल्यासारखी. पण वाईट नाही. मी तीनदा वाजवून घेतली. पाच वाजून चाळीस मिनिटांनी भटजींनी खूण केली.

सायली लॉनच्या टोकाला उभी राहिली. आजी पहिल्या रांगेत. मांडवाबाहेर जांभळे कोट. त्यांच्या म्होरक्याची नजर आजींवर खिळलेली. काठी ढोलापासून चार बोटं वर.

मी सुरू केलं.

पहिली ओळ स्वच्छ गेली. स्पीकरमध्ये काच नाही. दुसरी ओळ. सायली चालायला लागली, जरा घाईने, मग धून ऐकून सावकाश. तिसऱ्या ओळीला ती मांडवाच्या मध्यावर आली. आजींच्या समोर. इथे धुनेत एक उतार आहे, सायलीने सोळाव्या वर्षी तो चुकून केला होता आणि मी दुरुस्त करू दिला नव्हता. मी त्या उतारावर होते, आणि आजींनी हात वर केला.

एक नव्हे, दोन्ही.

माझी बोटं वाजवत होती, पण ऐकणं बंद झालं. म्होरक्याने काठी खाली आणली आणि आठही जण एकदम सुटले. ढोल, ताशे, बेंजो, भोंगे. नारळावरचे कावळे उडाले. माझा स्पीकर वाजतोय की नाही हे मलाच कळेना. सायली जागच्या जागी थिजली. खालचा ओठ दाताखाली.

आणि आजींचे दोन्ही हात अजून वरच होते. सायलीच्या चेहऱ्यावरून फिरून ते आता आजींच्या स्वतःच्या कानशिलांवर टेकले होते. त्या कडाकडा बोटं मोडत होत्या.

बाई नातीची दृष्ट काढत होती.

दृष्ट काढून झाल्यावर त्यांना बेंजो ऐकू आला. त्या वळल्या. खुर्चीला धरून उभ्या राहिल्या आणि मासळी बाजारात पलीकडच्या टोकाचं गिऱ्हाईक थांबवायचा जो आवाज असतो, तो लावला.

"बंद करा रं! मेल्यांनो, कोनी सांगितला तुम्हाला?"

ढोल एकेक करून थांबले. बेंजोवाला शेवटी.

"आजी, तुम्ही हात वर केलात ना," म्होरक्या म्हणाला. "ठरलेलं..."

"दिष्ट काढायला हात खाली करतात व्हय? तुझे लग्नात काढली का न्हाय कोनी तुझी?" मग माझ्याकडे वळून, "बाय, पैल्यापासून वाजव. नि तू गो, जा माघारी. पैल्यापासून ये."

तन्वी टॅबकडे बघत कुजबुजली, "मॅम, मुहूर्त..." भटजींनी घड्याळ पाहिलं आणि नऊ मिनिटं आहेत म्हणाले.

सायली माघारी गेली. हसत गेली. मी सांगते, बावीस वर्षांत मी पुष्कळ नवऱ्या मांडवात आणल्या, पण दुसऱ्यांदा येणारी ही एकच. पहिल्यांदा ती चालली होती ती लोक बघतायत म्हणून. दुसऱ्यांदा ती स्वतःची धून ऐकत आली. मध्यावरच्या उतारावर तिने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. जांभळे कोट हात मागे बांधून उभे होते, शाळेत उभे केल्यासारखे. धून पूर्ण झाली, शेवटच्या सुरापर्यंत. सतराच्या सतरा बांगड्या शाबूत होत्या. अंतरपाट धरला गेला.

अक्षता पडल्यावर बेंजो पार्टीला मोकळं सोडण्यात आलं. त्यांनी आधीची सगळी कसर भरून काढली. आजीही दोन पावलं नाचल्या.

मी वायरी गुंडाळत होते तेव्हा त्या आल्या. माझा उजवा हात हातात घेतला, गजऱ्याची गाठ तपासली.

"बरी हाय टुंगटुंग," त्या म्हणाल्या. "मधी उतरते ना, तिथं मना डोल्यांत पानी आला. म्हनून तर दिष्ट काढली."

मी सुखावले. मिलिंदकडे विजयी नजर टाकली.

"पन एक सांग," आजी म्हणाल्या. "एवढ्या बांगड्या भरल्या तुझे हातात. उजव्या मीच बांधल्या, पन डाव्या मोकल्या होत्या. आवाज कसा न्हाय आला? मी कान देऊन बसलेली."

मी गजऱ्याकडे पाहिलं. मिलिंद मिक्सरच्या मागे खाली वाकला. त्याचे खांदे हलत होते.

म्हणजे दुपारी साडेतीनपासून पावणेसहापर्यंत मी, माझा नवरा, एक इव्हेंट मॅनेजर आणि दोन गिटारी मिळून जो आवाज घालवण्यासाठी झटलो, तो आवाज क्लायंटच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला हवा होता. तिने तो स्वतः बसून, कासारणीला थांबवून घेऊन, भरला होता. आणि मी खिडकीत उभी राहून तिला माझी अडचण तपशीलवार सांगितली, पण तुम्हाला काय ऐकायचंय, हे विचारलं नाही. चौथ्या यादीचा पहिला मुद्दा. लॅमिनेट केलेला.

बांगड्या मी दीड महिना घातल्या. क्लासमधल्या मुलांनी चौथ्या नियमाकडे बोट दाखवून दाखवून मला जेरीला आणलं. नियम मी बदललेला नाही, कारण तो बरोबर आहे. सामानाच्या यादीत मात्र दोन ठिकाणी मार्करने भर घातलीय. वेल्क्रोपुढे "पांढरी किंवा हिरवी". आणि त्याखाली, नऊ व्होल्टची बॅटरी आणि जास्तीची जॅक पिन यांच्यामध्ये: "मोगऱ्याचा गजरा, नग दोन, ताजे."